उताराचे पाणी, तारेचे पाणी : नीरा खोऱ्यातील कार्बनचा दीडशे वर्षांचा हिशेब

१/
इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकी हे गाव विड्याच्या पानांसाठी ओळखले जाते. पानवेल मोठी नाजूक. शेवरी-शेवग्याच्या सावलीत ती वाढते. तिला पाणी थोडे, पण वरचेवर लागते. पाळी चुकली की पान पिवळे पडते. म्हणून या परिसरात एक प्रश्न पिढ्यान्पिढ्या विचारला गेला : पाणी केव्हा येणार? गेल्या काही दशकांत त्याला दुसरा प्रश्न जोडला गेला : लाइट केव्हा येणार?

२/
पहिल्या प्रश्नापासून दुसऱ्यापर्यंतचा प्रवास हा या धाग्याचा विषय आहे. दीडशे वर्षांपूर्वी या मुलखात पाणी आणण्यासाठी उभारलेली सरकारी यंत्रणा चालवायला इंधन लागत नव्हते. पुढे पाण्याचा मोठा भाग विजेच्या तारेवर अवलंबून राहिला आणि ती तार कोळशाच्या भट्टीशी जोडली गेली. आज तीच शासकीय यंत्रणा आपल्या पायाभूत सुविधांतील कार्बन कमी करू पाहत आहे. त्यात कोणाचे काय पणाला लागले आहे, हे समजण्यासाठी आरंभापासून पाहावे लागते.

३/
बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. दक्षिणेला नीरा, उत्तरेला आणि पूर्वेला भीमा, अशा दोन नद्यांच्या कुशीत असूनही इथला पाऊस बेभरवशाचा. इंग्रजी अमदानीत रयतवारी जमाबंदीची सुधारित पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास प्रथम लागू केली ती इंदापूर तालुक्यातच. आधीच्या प्रिंगलच्या जमाबंदीचा भार न पेलल्याने इथल्या जमिनी ओस पडल्या होत्या.

४/
तरीही रयतेचे कर्ज फिटले नाही. १२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि गहाणखते जाळली. दख्खनच्या दंग्यांची ती ठिणगी. पुढच्याच वर्षी पाऊस फिरकला नाही. १८७६ ते १८७८ च्या त्या महादुष्काळात पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागाची दैना झाली. चारा संपला, जनावरे मेली, गावे रिकामी झाली.

५/
सरकारने दुष्काळी कामे काढली. नीरा डावा कालवा हे त्यांपैकी एक. सर्वेक्षण आधीच झाले होते. उपाशी माणसांनी आता खोदाईला हात घातला. मात्र १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार मजुरांना दिवसाला जेमतेम एक पौंड धान्याइतकी मजुरी बांधली गेली. मुंबई इलाख्यातील अनेक ठिकाणच्या मजुरांनी त्याविरुद्ध कामावर जाणेच नाकारले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे सतत मांडली.

६/
ही नोंद इथे मुद्दाम करायला हवी. त्या काळी मातीकाम करायला यंत्रे नव्हती. कुदळ, फावडे, पाटी आणि बैल यांच्या बळावर कालवा उतरला. आजच्या भाषेत या बांधकामाचे कार्बन उत्सर्जन फार कमी भरेल. पण जे इंधन यंत्रात जळले नाही, त्याची जागा अर्धपोटी माणसांच्या श्रमाने घेतली होती. उत्सर्जनाच्या तक्त्यात हा आकडा कुठेच दिसत नाही.

७/
१८८५ मध्ये कालव्यातून पाणी वाहू लागले. त्याची लांबी दीडशे किलोमीटरहून अधिक. वीर येथील बंधाऱ्यापासून निघून तो नीरेच्या डाव्या तीराने पुरंदर, बारामती करत इंदापूरच्या हद्दीत उतरतो. पाण्याला मागेही थांबू द्यायचे नाही आणि काठही खरवडू द्यायचे नाहीत, इतका नेमका उतार त्याला दिला गेला. टेकडी आली की कालवा तिला वळसा घालतो. त्याची सारी वळणे म्हणजे समपातळीची रेषा शोधण्याची कसरत आहे.

८/
या कालव्याला बारमाही पाणी मिळावे म्हणून वेळवंडी नदीवर भाटघर येथे धरण बांधण्यात आले. १८९० च्या दशकाच्या आरंभी ते पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला अभियंता व्हाइटिंग यांचे नाव मिळाले. पुढे शेजारीच अधिक उंचीचे लॉइड धरण उभे राहिले आणि जुने धरण त्याच्या पाण्यात गेले. नव्या धरणाचे काम १९२८ पर्यंत झाले. आज हा जलाशय शिवरायांचे सरदार येसाजी कंक यांच्या नावाने ओळखला जातो.

९/
बांधकामाचे साहित्य काय होते? घडीव बसाल्ट आणि चुना. दख्खनमधील चुनखडीचे गोटे भट्टीत भाजायचे, घाणीत मळायचे आणि दगडांमध्ये भरायचे. चुना भाजतानाही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पण पुढे भिंतीत घट्ट होताना तोच चुना हवेतून त्या वायूचा काही भाग परत घेतो. भारतात पोर्टलंड सिमेंटचा कारखाना यशस्वीपणे चालू झाला तो १९१४ मध्ये पोरबंदरला. त्याआधीचे बहुतेक पूल, मोऱ्या आणि धरणे चुन्यावरच उभी आहेत.

१०/
कालवा वाहू लागला, पण पाणी वाटायचे कसे? वरच्या गावांनी हवे तितके घ्यावे आणि शेपटाकडच्या गावांनी कोरड्या चारीकडे पाहत बसावे, हे चित्र आरंभापासूनचे. १८९९ नंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुणे विभागात कार्यकारी अभियंता असताना त्यांनी नीरा कालव्यावर गट पद्धत आणली. गावागावांत जमिनीचे ठरावीक गट पाडायचे, त्यांना काही वर्षांची पाण्याची हमी द्यायची आणि त्या गटांत ऊस व इतर पिकांचा फेरपालट करायचा.

११/
विश्वेश्वरय्यांच्या योजनेमागे एक साधा विचार होता. आहे ते पाणी अधिक गावांत पसरले, तर लाभ पसरेल आणि जमीनही टिकेल. कारण तोवर दुसरे संकट दिसू लागले होते. कालव्यातून झिरपणारे पाणी आणि उसाला दिलेले अतोनात पाणी यांमुळे खोलगट काळ्या जमिनी चिबड होत होत्या. क्षार वर येऊन पांढरे फटक पट्टे पडत होते.

१२/
पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातील हॅरल्ड मॅन आणि तम्हाणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर अभ्यास प्रसिद्ध केला. १९१६ मध्ये मुंबई सरकारने सिंचनाच्या प्रश्नांसाठी खास संशोधन शाखा उघडली. तीच पुढे वाढत जाऊन खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था बनली. आज धरणांच्या प्रतिकृतींसाठी प्रसिद्ध असलेल्या या संस्थेच्या मुळाशी दख्खनच्या कालव्यांवरील बिघडलेली जमीन आहे.

१३/
पाझर हा शब्द लक्षात ठेवावा. तो पुढे परत येणार आहे. कालव्याच्या वरच्या पट्ट्यात पाझराने जमीन खराब केली. त्याच पाझराने इतरत्र विहिरी भरल्या. ज्या गावांना चारीचे पाणी वेळेवर पोहोचत नव्हते, त्यांच्या विहिरींना कालव्याचे पाणी जमिनीखालून मिळत राहिले. सरकारी कागदावर ही गळती होती. शेतकऱ्याच्या हिशेबात ते सिंचनच होते.

१४/
१९३० च्या दशकात साखर आली. १९३२ मध्ये परकीय साखरेवर संरक्षक जकात बसली आणि नीरेच्या दोन्ही काठांवर कारखाने उभे राहू लागले. उजव्या काठावर माळीनगर, डाव्या काठावर वालचंद हिराचंद यांचे वालचंदनगर. स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखान्यांची त्यात भर पडली. कारखान्याचे बॉयलर उसाच्या चिपाडावर चालत, म्हणजे तिथले इंधन शेतातूनच येई. पण उसाची तहान मोठी आणि कालव्याचे पाणी मोजके. उरलेली तहान विहिरीने भागवावी लागली.

१५/
विहिरीवर पूर्वी मोट असे. बैलांची ताकद आणि दिवसाचे तास हीच उपशाची मर्यादा. मग तेलाची इंजिने आली. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकात डिझेल इंजिने बनवायला घेतली. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स स्थापन झाली. मळ्यातल्या त्या टकटक आवाजाबरोबर नीरा खोऱ्याच्या सिंचनात प्रथमच जमिनीखालचा कार्बन जळू लागला.

१६/
१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळही स्थापन झाले. खेड्यापाड्यांत तारा पोहोचल्या. १९७२ च्या दुष्काळात विहिरी खोदण्याला वेग आला. १९७० च्या दशकातच शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर सपाट दराने आकारणी सुरू झाली. पंप तासभर चालवा वा रात्रभर, बिल तेच. मंडळाचा मीटर वाचण्याचा खर्च वाचला. पण पाणी आणि वीज या दोहोंचे मोजमाप त्याबरोबर गेले.

१७/
थोडे गणित करून पाहू. एक हेक्टर रानात दहा सेंटिमीटर पाणी द्यायचे तर १० लाख लिटर लागतात. कालव्यातून ते उताराने येते. त्यासाठी वीज शून्य. तेच पाणी ३० मीटर खोलीवरून उचलायचे तर भौतिकशास्त्राच्या नियमानेच सुमारे ८२ युनिट ऊर्जा हवी. पंप आणि वाहिनीत निम्मी ऊर्जा वाया जाते असे धरले, तर सुमारे १६० युनिट.

१८/
भारताच्या वीजजाळ्यात एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे हेक्टरभर रानाच्या त्या एका पाळीमागे शंभर किलोहून अधिक. पाच अश्वशक्तीचा एक पंप आठ तास चालला, तर किमान ३० युनिट आणि २१ किलो. महाराष्ट्रात विजेचे कृषिग्राहक ४५ लाखांच्या आसपास आहेत. खेड्यातल्या विहिरीवर धूर दिसत नाही. तो चंद्रपूर, कोराडी, परळीच्या धुराड्यांतून निघतो.

१९/
मागणी वाढली, वीज अपुरी पडली आणि शेतकऱ्याच्या वाट्याला रात्र आली. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, अशी थ्रीफेज विजेची पाळी ठरली. शहरे आणि कारखाने यांची मागणी रात्री उतरते, म्हणून उरलेली वीज शेतीला. यंत्रणेच्या दृष्टीने ही सोय होती. बॅटरी हातात धरून काळोखात बारे देणाऱ्या माणसाच्या दृष्टीने साप, विंचू आणि उघड्या तारा होत्या. दिवसा वीज ही मागणी त्यामुळे आंदोलनांचे घोषवाक्य बनली.

२०/
याच काळात शेजारच्या पुरंदर तालुक्यात एक वेगळी वाट शोधली गेली. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. सामूहिक उपसा, पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर न ठरवता कुटुंबातील माणसांवर ठरवायचा आणि उसासारखे तहानलेले पीक घ्यायचे नाही. कार्बन हा शब्द तेव्हा चर्चेत नव्हता. पण जे पाणी उचललेच नाही, त्याला वीज लागत नाही, हे त्या नियमांत अनुस्यूत होते.

२१/
जून २००५ मध्ये विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या. भारनियमनाचे ते दिवस. गावठाणाची आणि शेतीची वीज एकाच वाहिनीवर असल्याने एकाला बंद केले की दुसऱ्यालाही अंधार होई. म्हणून गावठाण फीडर विभक्तीकरणाची योजना आली. घरांची वाहिनी निराळी, पंपांची निराळी. तेव्हा तो भारनियमनावरचा उपाय होता. दहा वर्षांनी याच वेगळ्या तारांनी पुढची वाट मोकळी केली.

२२/
दुसरा प्रयत्न पंपावरच झाला. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा उपविभागात केंद्रीय ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने महावितरणसह देशातील पहिला पथदर्शी प्रकल्प राबवला. सुमारे २,२०० जुने शेतीपंप काढून त्या जागी कार्यक्षम पंप बसवण्यात आले. जुने पंप अनेकदा रिवाइंड केलेले आणि गरजेपेक्षा मोठे होते. शेतकऱ्याने असा पंप का घेतला, याचे उत्तर त्याच्या अज्ञानात नाही. कमी दाबाची वीज काही तासच येत असेल, तर त्या तासांत मिळेल तितके पाणी ओढणारा आणि जळला तरी गावातच दुरुस्त होणारा पंप त्याला हवा असतो.

२३/
यातून एक धडा मिळाला. पंप बदलला, पण तारेतली वीज खराबच राहिली तर नवा पंपही लवकर बिघडतो. २०१८ मध्ये महावितरणने उच्चदाब वितरण प्रणाली आणली ती याच कारणाने. लघुदाबाच्या लांबलचक तारांऐवजी एक-दोन पंपांसाठी स्वतंत्र रोहित्र. तार आखूड झाली की गळती घटते, दाब टिकतो आणि आकडा टाकणेही अवघड होते.

२४/
मोठा बदल घडला तो २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने. अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी ही पहिल्या प्रयोगाची गावे. कल्पना सुटसुटीत होती. प्रत्येक विहिरीवर सौरपंप बसवण्याऐवजी उपकेंद्राजवळ एक सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीची अख्खी वाहिनी त्यावर चालवायची. शेतकऱ्याचा पंप तोच, तार तीच. फक्त वीज सूर्याची आणि म्हणून आपोआप दिवसाची.

२५/
हे शक्य झाले, कारण शेतीच्या वाहिन्या आधीच वेगळ्या काढल्या होत्या. रात्रीची घरगुती मागणी सौर प्रकल्प भागवू शकत नाही. पंपाला मात्र दिवसाची वीजच हवी असते. भारनियमनासाठी ओढलेली तार अशा रीतीने ऊर्जा-संक्रमणाच्या उपयोगी पडली. २०१९ मध्ये केंद्राची पीएम-कुसुम योजना आली. २०२३ मध्ये राज्याने आपल्या योजनेची दुसरी आवृत्ती जाहीर केली आणि पुढे लक्ष्य १६,००० मेगावॅटपर्यंत नेले. तीतील पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे सुरू झाला.

२६/
महावितरणला हे का हवे होते? केवळ पर्यावरणासाठी, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. शेतीला स्वस्त वीज द्यायची आणि तिची भरपाई उद्योगांच्या वाढीव दरातून व शासनाच्या अनुदानातून करायची, हा भार दशकानुदशके वाढत होता. सौर विजेचा दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास आल्यावर गणित फिरले. इतिहासात असे वारंवार दिसते : नुसत्या उपदेशाने न हललेली यंत्रणा ताळेबंदाने हलते.

२७/
जमिनीचा प्रश्न उरतोच. १९२१ मध्ये याच पुणे जिल्ह्यात टाटांच्या मुळशी धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह केला; सेनापती बापट त्यातूनच घडले. त्या विजेत कोळसा नव्हता, पण बुडालेली गावे होती. सौर वाहिनी योजनेत जमीन संपादन न करता ती भाड्याने घेण्याची तरतूद आहे. दर हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये. मालकी शेतकऱ्याकडे राहते. शंभर वर्षांत एवढा फरक पडला, हे नोंदवायला हवे. गायरानावर चरणाऱ्या शेळ्यामेंढ्यांचे मात्र भाडे ठरत नाही, हेही.

२८/
जलसंपदा विभागाची स्वतःची वीजही थोडी नाही. सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ योजना कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून दुष्काळी तालुक्यांत नेते. उपशाचे बिल थकले की पंप थांबत आणि उभी पिके वाळत. आता या योजनेसाठी सुमारे २०० मेगावॅटचा सौर प्रकल्प जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जातून आखला गेला आहे. तिथे कार्बन कमी करणे आणि थकीत बिलाच्या फासातून योजना सोडवणे ही एकच गोष्ट आहे.

२९/
इंदापूर-बारामतीच्या जिरायती गावांसाठीही उपसाच पुढे आला. उजनीच्या पाण्यावरील लाकडी-निंबोडी उपसा सिंचन योजनेला २०२२ मध्ये राज्य शासनाने सुमारे ३४८ कोटी रुपयांची मान्यता दिली आणि सोलापूर जिल्ह्यातून विरोधाचा आवाज उठला. आपल्या वाट्याचे पाणी वर अडवले जाईल, ही तिथली भीती. पंप सौर विजेवर चालवता येतील. पाणी कोणाचे, या प्रश्नाला मात्र सौर पॅनेल उत्तर देत नाही.

३०/
आता पुन्हा पाझराकडे. नीरा डाव्या कालव्याला काँक्रीटचे अस्तर करण्याचे काम निघाले तेव्हा लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला. शासनाचे म्हणणे असे की गळती थांबली तर शेपटाला पाणी पोहोचेल. कालव्याकाठच्या शेतकऱ्यांचे म्हणणे असे की पाझर थांबला तर विहिरी आटतील. शंभर वर्षांपूर्वी ज्या पाझराला अभियंत्यांनी दोषी ठरवले, त्यावर आता गावेच्या गावे तगून आहेत.

३१/
कार्बनच्या हिशेबानेही हा निवाडा सोपा नाही. सिमेंटचा मूळ घटक क्लिंकर. तो एक टन तयार होताना पाऊण टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो. औष्णिक केंद्रांची राख मिसळून हा आकडा खाली आणता येतो; भारतीय मानकांनुसार पोझोलाना सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत राख चालते. अस्तरामुळे वाचलेले पाणी शेपटापर्यंत उताराने गेले, तर तिथले पंप कमी चालतील. पण काठावरच्या विहिरी खोल गेल्या, तर इथले पंप जास्त चालतील. बेरीज-वजाबाकी गावनिहाय मोजल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

३२/
आणखी एक सावधगिरी. एकोणिसाव्या शतकात विल्यम जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले होते की वाफेचे इंजिन काटकसरी झाले, तसा कोळशाचा खप वाढला. २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीजबिल माफ आहे. दिवसा, पूर्ण दाबाने, फुकट वीज मिळू लागली तर कार्बन घटेल. भूजलही घटू शकेल. सूर्य उद्याही उगवेल, आटलेला झरा उगवेलच असे नाही.

३३/
भाटघर आणि वीर या धरणांच्या पायथ्याशी १९७० च्या दशकात जलविद्युत केंद्रे बसली. अनुक्रमे १६ आणि ९ मेगावॅटची. दुष्काळी मजुरांनी खोदलेल्या कालव्यासाठी सोडलेले पाणी शेताकडे जाता जाता वीजही देऊन जाते. नवे काही बांधण्याआधी जुन्याच रचनेतून किती मिळते, हे पाहण्याचा तो नमुना. नेमका उतार, दुरुस्त चाऱ्या, ठरल्या वेळी सुटणारे आवर्तन : उत्सर्जन घटवण्याची ही सर्वांत जुनी आणि दुर्लक्षित साधने आहेत. शेपटाला पोहोचलेला प्रत्येक लिटर हा न चाललेल्या पंपाचा लिटर असतो.

३४/
दर आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी पंढरीकडे जाते. वाटेवर कालव्याची चारी, विजेचा खांब आणि उसाचा फड एकाच नजरेत दिसतात. तिन्ही शासनाच्या वेगवेगळ्या काळांतील निर्णयांच्या खुणा आहेत. प्रत्येक निर्णय त्या त्या वेळी एखाद्या खऱ्या संकटावरचा उपाय होता आणि प्रत्येकाचे बिल पुढच्या पिढीने भरले.

३५/
पानमळ्याला अखेर हवे ते इतकेच : थोडे पाणी, वरचेवर, आणि तेही उजेडात. १८७७ चा कालवा, १९६० चे वीज मंडळ आणि २०१७ ची सौर वाहिनी या तिन्हींची कसोटी या एका वाक्यात मावते. कार्बन किती घटला, हे उपकेंद्राचा मीटर सांगेल. तो कोणाच्या विहिरीवर, कोणाच्या रात्रीवर आणि कोणाच्या घामावर घटला, हे मात्र शेपटाच्या गावात जाऊनच विचारावे लागेल.

(धागा समाप्त)